खळे, बलुते आणि मळणीचे यंत्र

(देवपूर, धुळे येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. पीक कापण्याची आणि धान्य मळण्याची यंत्रे एकोणिसाव्या शतकात विलायतेत व अमेरिकेत कशी निघाली, हे सांगण्यासाठी पांझरेच्या काठी सभा कशाला भरवावी? ज्यांच्या नावावर एक गुंठाही जमीन नाही, त्यांनी ह्या यंत्रांची चौकशी करून काय मिळवावयाचे? माझे म्हणणे असे की, जमीन नसलेल्यांनीच ही चौकशी सर्वांआधी केली पाहिजे. कोणत्या देशात यंत्र आले, कोणत्या देशात आले नाही, आणि आले तेव्हा कोणाच्या हातातले काम गेले, ह्या प्रश्नांची उत्तरे शोधू लागलो म्हणजे आपल्या वाडवडिलांच्या श्रमाचा हिशेब आपोआप पुढे येतो. तो हिशेब आजवर कोणी मांडून दाखविलेला नाही.

वडीलधाऱ्या मंडळींना खळे ठाऊक आहे. मुलांसाठी मात्र थोडे सांगितले पाहिजे, कारण त्यांनी ते पाहिलेले नाही. ज्वारी, बाजरी किंवा आपल्या खानदेशची दादर विळ्याने कापून तिच्या पेंढ्या बांधीत आणि खळ्याच्या कडेला सुडी रचून ठेवीत. खळ्याची जागा पाणी शिंपडून, बैल फिरवून घट्ट करीत व शेणाने सारवीत. मध्यभागी तिवडा रोवलेला असे. त्याच्याभोवती कणसे पसरून बैलांची पात धरावयाची आणि सकाळपासून दिवस मावळेपर्यंत बैलांना गोल गोल हाकावयाचे. कणसांचा चुरा झाला की वाऱ्याची वाट पाहावयाची. वारा सुटला म्हणजे एकाने वावडीवर उभे राहून उपणावयाचे, बायांनी पाट्या भरून द्यावयाच्या, आणि भुसा उडून गेल्यावर खाली धान्याची रास पडावयाची. एका कुटुंबाच्या पिकाला आठ-आठ, पंधरा-पंधरा दिवस लागत.

पायाखालचे धान्य बैलाने खाऊ नये म्हणून त्याच्या तोंडाला मुसके बांधीत. माणसाच्या तोंडाला मुसके बांधण्याची गरज नव्हती. त्याच्यासाठी वहिवाट होती.

ही वहिवाट म्हणजे बलुते. उभ्या पिकाची आणि रात्री खळ्याची राखण करावयाची, गावाचा सांगावा परगावी पोचवावयाचा, सरकारी सारा खजिन्यात नेणाऱ्याच्या सोबत चालावयाचे, गावची मेलेली ढोरे ओढावयाची, अंमलदार आला की त्याच्या दिमतीला उभे राहावयाचे. ही सर्व कामे वतनदार महाराची. तो आजारी पडला तर त्याच्या बापाने किंवा मुलाने ती करावयाची. आणि ह्या बाराही महिन्यांच्या चाकरीचा मोबदला कोठे मिळावयाचा? खळ्यावर. रास पडली म्हणजे बलुतेदारांनी येऊन उभे राहावयाचे आणि शेतकरी देईल तेवढ्या पेंढ्या किंवा पायल्या पदरात घ्यावयाच्या. जास्त दिले तर त्याची मर्जी, कमी दिले तरी त्याचीच मर्जी. ह्याशिवाय खळ्याच्या तळाशी मातीत मिसळून राहिलेले मातेरे होतेच. ते झाडून, पाखडून, धुऊन घरी नेण्याचा ‘हक्क’ आपल्या आयाबायांना होता. मातेऱ्याला हक्क म्हणावयाचे, ह्यावरूनच त्या व्यवस्थेत शब्दांचे मोल काय होते ते दिसते.

हे चित्र मनात ठेवून आता आपण विलायतेकडे वळू.

इंग्लंडातही मळणी हातानेच होत असे. चामड्याने जोडलेल्या दोन काठ्यांचा एक झोडपणा असे. कोठाराच्या फरशीवर गव्हाच्या पेंढ्या पसरून मजूर त्यांवर तो दिवसभर आपटीत. काम कष्टाचे व धुळीचे होते, परंतु शेतात दुसरे काही नसते अशा हिवाळ्यात तेच पोटाला आधार देई. 1786 साली स्कॉटलंडमध्ये अँड्र्यू मेकल ह्या गिरण्या बांधणाऱ्या कारागिराने मळणीचे यशस्वी यंत्र उभे केले. त्याचे तत्त्व साधे होते. एक ढोल वेगाने फिरतो. त्यावरच्या पट्ट्या कणसांना झोडपतात. ढोल आणि त्याला वेढणारा वक्र पत्रा ह्यांच्या फटीतून कणीस जाताना दाणा मोकळा होतो. हा ढोल आरंभी घोडे किंवा पाणचक्की फिरवी. पुढे 1840 नंतर शेतोशेत ओढून नेता येणारी वाफेची एंजिने निघाली. आज ट्रॅक्टरच्या मागे जोडून जे मळणी यंत्र आपल्या गावात येते, त्याच्या पोटात मेकलचाच ढोल फिरत असतो.

1830 साली ऑगस्ट महिन्यात केंट परगण्यातील मजुरांनी अशी यंत्रे फोडावयास सुरुवात केली. थोड्याच महिन्यांत हा वणवा दक्षिण इंग्लंडभर पसरला. जमीनदारांना ‘कॅप्टन स्विंग’ ह्या कल्पित नावाच्या सहीने धमकीची पत्रे जाऊ लागली. सरकारने हे बंड कठोरपणे मोडले. 19 जणांना फाशी झाली, पावणेपाचशेहून अधिक मजुरांना ऑस्ट्रेलियाच्या वसाहतींत काळ्या पाण्यावर पाठविले आणि शेकडो तुरुंगात गेले. ह्या मजुरांना अडाणी म्हणून हसणारे पुष्कळ झाले. मला ते अडाणी वाटत नाहीत. हिवाळ्यात चार महिने मिळणारी मजुरी ह्या ढोलाने गिळली, हे त्यांनी अचूक ओळखले होते. आणि यंत्र फोडतानाच ते मजुरीच्या वाढीव दराचीही मागणी करीत होते. त्यांची चूक काढावयाची तर एवढीच निघेल की, ढोल त्यांच्या हाती लागला, ढोलाचा मालक लागला नाही.

मळणीनंतर कापणीचे यंत्र आले, आणि त्याचे खरे घर अमेरिका. स्कॉटलंडमध्ये पॅट्रिक बेल ह्याने 1828 च्या सुमारासच एक यंत्र चालविले होते. अमेरिकेत ओबेड हसी ह्याने 1833 साली पेटंट घेतले. परंतु नाव झाले ते सायरस मॅकॉर्मिक ह्याचे. व्हर्जिनिया प्रांतातील आपल्या बापाच्या शेतावर त्याने 1831 साली यंत्र चालवून दाखविले, 1834 साली पेटंट मिळविले, 1847 साली शिकागोत कारखाना काढला आणि 1851 साली लंडनच्या जागतिक प्रदर्शनात मोठे पदक पटकावले. घोडे यंत्र ओढतात. जमिनीवर फिरणाऱ्या चाकाच्या गतीने एक दातेरी पाते करवतीसारखे पुढेमागे सरकते. वरची फिरकी गव्हाची ताटे त्या पात्यावर वाकविते आणि कापलेले पीक मागच्या फळीवर पडते. विळ्याने एका माणसाचे दिवसभरात अर्धा एकरही होत नसे, तेथे हे यंत्र दहा-बारा एकर कापू लागले. पुढे पेंढ्या आपोआप बांधणारी आणि कापणी-मळणी एकदम करणारी यंत्रे निघाली, पण त्या तपशिलात मी आज जात नाही. मला सांगावयाचे आहे ते दुसऱ्याच एका माणसाविषयी.

मॅकॉर्मिकच्या त्या शेतावर जो अँडरसन नावाचा एक काळा गुलाम होता. यंत्र घडविण्याच्या दिवसांत भट्टीपाशी आणि शेतात तो सायरसच्या बरोबरीने राबला. पुढे 1931 साली, यंत्राच्या शताब्दीच्या वेळी, मॅकॉर्मिकच्या नातवाने लिहिलेल्या पुस्तकात त्याचा उल्लेख आला. पेटंटावर मात्र त्याचे नाव नाही, आणि ते असणे शक्यही नव्हते. गुलामाने लावलेल्या शोधाचे पेटंट गुलामालाही मिळत नाही आणि त्याच्या धन्यालाही मिळत नाही, असा अभिप्राय 1858 साली अमेरिकेच्या सरकारी महाधिवक्त्याने दिला होता. कारण कायद्याच्या दृष्टीने गुलाम हा नागरिकच नव्हता. मॅकॉर्मिक शिकागोत कोट्यधीश झाला. जो अँडरसन व्हर्जिनियातच राहिला. त्याला दुसऱ्यांकडे भाड्याने कामास लावीत, आणि यादवी युद्ध संपून 1865 साली गुलामगिरी नष्ट झाली तेव्हाच तो मोकळा झाला. ज्याच्या हातांना विद्या होती, त्याला व्यक्तित्व नव्हते. ही गोष्ट आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही. गावाच्या शिवेचा वाद पडला म्हणजे महाराची साक्ष प्रमाण मानीत, आणि साक्ष देऊन झाल्यावर त्याला चावडीच्या पायरीखाली बसवीत.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. हे यंत्र अमेरिकेत कोठे पसरले? उत्तरेकडच्या व पश्चिमेकडच्या गव्हाच्या सपाट मुलखात. तेथे जमीन पुष्कळ होती, माणसे थोडी होती, आणि पिकलेला गहू थोड्या दिवसांत कापला नाही तर दाणा गळून जाई. मजूर मोकळा होता. पटले नाही तर आणखी पश्चिमेला जाऊन तो स्वतःच जमीनदार बने. म्हणून त्याला रोख व चढी मजुरी द्यावी लागे आणि म्हणूनच मालकाला यंत्र परवडे. ह्याउलट दक्षिणेकडच्या कापसाच्या मुलखात पाहा. कापसातून सरकी काढण्याचे यंत्र तेथे 1793 सालीच निघाले होते, आणि त्याने गुलामगिरी कमी न करता वाढविली. सरकी झपाट्याने निघू लागली तेव्हा कापूस पिकविण्यासाठी व वेचण्यासाठी आणखी गुलाम हवे झाले. कापूस वेचण्याचे यंत्र मात्र कारखान्यांतून विक्रीला येऊ लागले ते 1940 च्या दशकात; म्हणजे काळे मजूर लाखांच्या संख्येने उत्तरेकडील शहरांत निघून जाऊ लागल्यावर. दीडशे वर्षे कोणाची बुद्धी चालली नाही असे नाही. स्वस्त हात होते तोवर त्या बुद्धीला कोणी पैसा पुरविला नाही.

खानदेशात काय झाले? आगगाडी 1860 च्या दशकाच्या आरंभी जळगाव-भुसावळपर्यंत आली. अमेरिकेतील युद्धाने कापसाला भाव आला आणि पुढच्या काळात सरकी काढण्याचे व गठ्ठे दाबण्याचे वाफेवरचे कारखाने ह्या जिल्ह्यात उभे राहिले. भडगावला सरकारने नमुना शेत चालविले. अर्थात वाफ, लोखंड व प्रयोग ह्यांपैकी काहीही खानदेशाला अपरिचित नव्हते. ज्या कापसावर मुंबईचा व्यापारी आणि मँचेस्टरचा गिरणीवाला डोळा ठेवून होते, त्या कापसापर्यंत यंत्र धावत आले. खळे मात्र जसेच्या तसे राहिले. बैल फिरत राहिले, आणि रात्री राखणदार जागत राहिला.

ह्याला एकच कारण होते असे मी म्हणणार नाही. विलायती कापणी यंत्र गव्हासाठी घडविलेले होते. पुरुषभर उंचीची ज्वारी त्याच्या पात्याखाली येण्यासारखी नव्हती, आणि आपल्याला कणसाइतकाच कडबाही मोलाचा होता. बैलांच्या खुरांखाली गव्हाच्या काडाचा जो मऊ भुसा होतो तो जनावरे खातात. विलायती यंत्रातून निघणारे लांब काड ती तशी खात नाहीत. शेते लहान होती, भांडवल सावकाराच्या घरी होते. हे सर्व खरे. पण ह्या सर्वांच्या मुळाशी असलेली गोष्ट सरकारी अहवालांत सहसा मांडली जात नाही. खळ्यावर राबणारा बैल घरचा होता, आणि खळे राखणारा माणूस वतनाने बांधलेला होता. त्याला रोख काही द्यावे लागत नव्हते. सालदाराचे साल आखाजीला ठरे आणि उचल घेतलेला सालदार वर्षभर कोठे जाऊ शकत नसे. ज्या श्रमाला बाजारात किंमतच नाही, तो श्रम वाचविण्यासाठी पदरचे पैसे कोण खर्च करील?

इंग्लंडातल्या मजुराला यंत्र फोडावेसे वाटले, कारण त्याची मजुरी बुडत होती. आपल्या आज्या-पणज्यांच्या वाट्याला यंत्र फोडण्याचाही प्रसंग आला नाही, कारण बुडण्याजोगी मजुरीच त्यांच्यापाशी नव्हती.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ह्या प्रश्नाचे मर्म फार लवकर ओळखले होते. 1918 साली हिंदुस्थानातील लहान धारणक्षेत्रांवर त्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यावेळी सर्वजण म्हणत की, शेते लहान आहेत म्हणून शेतकरी दरिद्री आहे. बाबासाहेबांनी दाखवून दिले की, शेत लहान की मोठे हे नुसत्या एकरांवरून ठरत नाही. त्याच्या जोडीला औजारे, भांडवल व श्रम किती आहेत ह्यावरून ठरते. शेतीवर निष्कारण पडून राहिलेल्या माणसांना उद्योगधंद्यांत काम मिळाल्यावाचून शेती सुधारणार नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. 1928 साली त्यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. त्यातील एक तरतूद आजच्या विषयाशी अगदी जुळणारी आहे. खळ्यावर मर्जीने मिळणाऱ्या बलुत्याचे रोख रकमेत रूपांतर करावे आणि ती रक्कम सरकारने साऱ्याबरोबर वसूल करून वतनदाराला द्यावी, अशी ती तरतूद होती. म्हणजे खळ्यावरच्या दयेचा त्यांना पगार करावयाचा होता. ते विधेयक मंजूर होऊ शकले नाही. कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा 1958 चा. तो 1959 साली अमलात आला. तोवर गावोगावच्या आपल्या लोकांनी स्वतःहून बलुते घेण्याचे व ढोरे ओढण्याचे सोडले होते, आणि त्याबद्दल बहिष्कारही सोसले होते.

यंत्राविषयी बाबासाहेबांचे मत 1945 सालच्या काँग्रेस व गांधीजींवरील त्यांच्या ग्रंथात स्पष्ट आहे. यंत्रे टाकून चरख्याकडे वळा, हा उपदेश त्यांनी नाकारला. पशूसारखे राबणे संपल्याशिवाय सामान्य माणसाला फुरसत मिळणार नाही आणि फुरसतीवाचून संस्कृती त्याच्या वाट्याला येणार नाही, असे ते मानीत. यंत्रापासून जी हानी होते तिचा दोष त्यांनी यंत्राकडे दिला नाही. लाभ मूठभरांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेकडे दिला. मॅकॉर्मिकच्याच कारखान्याचा इतिहास ह्याची साक्ष देतो. आठ तासांच्या दिवसाची चळवळ शिकागोत पेटलेली असताना 3 मे 1886 रोजी ह्याच कारखान्याच्या दारात पोलिसांनी मजुरांवर गोळ्या झाडल्या. दुसऱ्या दिवशी हेमार्केटच्या चौकात बॉम्ब फुटला आणि पुढच्या वर्षी चार मजूर पुढारी फासावर गेले. मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी मांडलेल्या विधेयकाने 1946 साली आपल्याकडे कारखान्यांतील आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आला. किमान वेतनाचे विधेयकही त्यांनी त्याच वर्षी मांडले. त्यातून झालेल्या 1948 च्या कायद्याच्या अनुसूचीत शेतमजुरीचा समावेश होता. कापणीचे यंत्र बनविणाऱ्या मजुराचे तास ठरले. ते यंत्र शेतात चालविणाऱ्याचे तास आजही सूर्य ठरवितो.

आपल्या काही भगिनी म्हणतात, “दादा, यंत्र आले आणि आमचे उपणण्याचे, सोंगणीचे दिवस गेले. पूर्वी निदान सुपात काही पडत होते.” त्यांचे म्हणणे मी उडवून लावीत नाही. मळणीचे पंधरा दिवस गेले म्हणजे पंधरा दिवसांची चूल गेली. परंतु त्या सुपात काय पडत होते आणि कोणाच्या मर्जीने पडत होते, हेही त्यांनी आपल्या मुलींना सांगावे. मातेरे गेले ह्याचे दुःख मला होत नाही. दुःख होते ते ह्याचे की, यंत्र गावात आले तेव्हा त्याचा मालक, त्याचा चालक व त्याचा मिस्त्री ह्या तिन्ही जागा बहुतेक ठिकाणी दुसऱ्यांनी घेतल्या, आणि आपल्या मुलाच्या वाट्याला यंत्राच्या तोंडात पेंढी सारण्याची जागा आली. तीच सर्वांत धोक्याची जागा आहे.

तिच्याविषयी दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगून थांबतो. मळणी यंत्राने मजुरांचे हात तुटण्याचे प्रकार देशभर इतके झाले की, 1983 साली संसदेला धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा स्वतंत्र कायदा करावा लागला. भारतीय मानकाप्रमाणे पेंढी सारण्याची घसरण सुमारे 90 सेंटिमीटर लांब आणि तिचा ढोलाकडचा निम्मा भाग वरून झाकलेला असावयास हवा, म्हणजे हात ढोलापर्यंत पोचत नाही. कामाला उभे राहण्यापूर्वी हे झाकण आहे की काढून टाकले आहे, ते डोळ्यांनी पाहा. नसेल तर काम नाकारा. रात्रीच्या अंधारात, झोपमोड झालेली असताना किंवा सैल बाहीचा सदरा, लोंबता पदर असताना यंत्रापाशी जाऊ नका. यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या शेतकामात इजा झाली तर मालकाने भरपाई द्यावी, हे तत्त्व 1923 च्या नुकसानभरपाईच्या कायद्याच्या अनुसूचीत होते. तो कायदा आता 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. अपघात झाल्यास यंत्राच्या मालकाचे नाव, ट्रॅक्टरचा क्रमांक, साक्षीदार आणि सरकारी दवाखान्याचा कागद त्याच दिवशी जपून ठेवा. गावात बसून “मिटवून घेऊ” म्हणणाऱ्यांपुढे अंगठा देऊ नका.

दुसरी गोष्ट. 2023 साली महाराष्ट्र सरकारने शेतकऱ्यांसाठी अपघात सानुग्रह अनुदानाची योजना सुरू केली. मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये, एक हात किंवा पाय गेल्यास एक लाख, अशी तिची रचना ठरली. तिच्यात वहितीधारक खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातील खाते नसलेली एक व्यक्ती एवढ्यांचा समावेश झाला. त्याच शेतात, त्याच यंत्रापाशी उभा असलेला भूमिहीन मजूर तिच्या बाहेर राहिला. हा मुद्दा आपापल्या गावच्या ग्रामसभेत लेखी ठरावाच्या रूपाने मांडावा, ठरावाची नक्कल तहसीलदारांकडे द्यावी व पोच घ्यावी. ठरावाचा मसुदा हवा असेल त्यांनी सभा संपल्यावर मला भेटावे. काही प्रती मी बरोबर आणल्या आहेत.